कापसातलं लोखंड

तुमच्या शेजारचा माणूस महिनाभर खोकतो आहे. तुम्ही त्याला काय सांगता?

खरं सांगा. 'हवा बदललीय' म्हणता, 'हळद-दूध घे' म्हणता, नाहीतर 'आधी विडी सोड' म्हणून त्यालाच गुन्हेगार ठरवता. मग आपलं दार लावून घेता. मी तुम्हाला नावं ठेवत नाही. मीही हेच करत होते, आणि वर पत्रकं लिहीत होते.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडिलांचा छोटा छापखाना होता. संपाचं पत्रक, मोर्चाचं पत्रक, बुवाबाजीविरुद्धचं पत्रक. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे उचगावात कुणी एक 'चिनी बाबा' रोज सकाळी तालमीमागं माणसं जमवतो, हवेत हात फिरवायला लावतो आणि दुखणी घालवतो, असं कानावर आलं तेव्हा त्याला बघायच्याही आधी मी पत्रक लिहून टाकलं. 'चिनी बाबापासून सावध!!!' उद्गारचिन्हं तीन. त्या वयात मला एक पुरत नसे.

पत्रक हातात घेऊनच गेले. तालमीमागच्या मोकळ्या जागेत दहा-बारा माणसं उभी होती. लोखंड ओतायच्या फौंड्रीतून रात्रपाळी करून आलेले कामगार, दोन भाजीवाल्या, एक निवृत्त मास्तर. सगळ्यांचे हात पाण्याखाली असल्यासारखे संथ फिरत होते. पुढं एक किडकिडीत म्हातारा. खाकी शर्ट, पांढरा पायजमा, अनवाणी. तोच 'चिनी बाबा', खरं नाव दस्तगीरचाचा. मी पत्रक त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

'अक्षर झकास हाय,' ते म्हणाले. 'पन एक वाक्य ऱ्हायलंय.'

'कुठलं?'

'हितं येताना डॉक्टरचा कागद घिऊन यावं. कागद न्हाय त्याला थारा न्हाय. हे घाल की. म्हंजे मला रोज वरडाय नगं.'

मागून एक भाजीवाली म्हणाली, 'अगं बाई, मला तीनदा परत घालवलं या माणसानं. गुडघ्याचा फोटो काढून आल्याबगर उभं केलं न्हाय.'

'आनि बाबा नगं म्हणूस,' चाचांनी पत्रक घडी घालून परत दिलं. 'दाढी तरी कुठं हाय मला?'

ते पत्रक छापलं गेलं नाही. चाचा मात्र मला शेवटपर्यंत 'पत्रकवाली' म्हणत राहिले.

चाचांचे वडील पिंजारी. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत फिरायचे. चाचा स्वतः फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, झाले आणि ऐन तरुणपणी कंत्राटावर मलेशियातल्या पिनांगला गेले, एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात. तिथं एक चिनी म्हातारा जडीबुटीचं दुकान चालवायचा आणि पहाटे बागेत लोकांना तायची हा संथ चिनी व्यायाम शिकवायचा. चाचा त्याला लिमकाका म्हणत. दोघांचं बोलणं चालायचं मोडक्यातोडक्या मलयमध्ये. ती दोघांचीही भाषा नव्हती. 'म्हणून भांडान झालं न्हाय कधी,' चाचा म्हणायचे.

लिमकाकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, हात असा ओढ, जसा कोशातून रेशमाचा धागा ओढतोस. चाचांनी जन्मात रेशमाचा कोश बघितला नव्हता. त्यांना बापाचा कापूस आठवला. ताकद लावली की तंतू तुटतो, सोडून दिलं की गोळा होतो. पुढं कधीतरी लिमकाका म्हणाला, बाहेरून कापूस आणि आतून लोखंड, असं अंग पाहिजे. 'मला काय अवघड हाय सांग,' चाचा आम्हाला म्हणत. 'बा कापसातला, मी लोखंडातला.'

त्यांनी त्या सगळ्या चिनी हालचाली उचगावच्या करून टाकल्या होत्या. 'ढग सारा' म्हटलं की दोन्ही हात डोळ्यांपुढून आडवे न्यायचे. 'घोड्याची आयाळ विंचरा', 'बगळा', 'माकडाला हटवत मागं'. हे शेवटचं त्यांचं फार लाडकं. मागं चालणं गुडघ्याला आणि तोलाला चांगलं म्हणून ते घरापासून तालमीपर्यंत रोज उलटे चालत यायचे. रस्त्यावरची माणसं ओरडायची, 'चाचा, उलटं निघालाईसा?' ते न वळता उत्तर द्यायचे, 'तुमची तोंडं बघायला मिळत्यात की! सरळ जानाऱ्याला पाठी दिसत्यात नुसत्या.'

चहा ते पीत नसत. टपरीवर जाऊन नुसतं गरम पाणी मागायचे. टपरीवाला पंडू वैतागायचा. 'चाचा, माझ्या च्याला काय रोग झालाय?' 'च्याला न्हाय, तुला झालाय. किती घाई घाई वततोस लेका.' पंडूनं शेवटी त्यांच्यासाठी एक वेगळा स्टीलचा पेला ठेवला, आणि दुसऱ्या कुणी त्यात पाणी प्यायलं तर भांडायचा.

यिन आणि यांग म्हणजे काय, असं निवृत्त मास्तरांनी एकदा वही काढून विचारलं. चाचा म्हणाले, 'तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. एक गरम, एक निवता. दोनी वाट्या म्होरं घ्या आनि कधी कुठली उचलायची ते कळू द्या. झालं चिनी शास्त्र.' मास्तरांनी ते खरोखरच लिहून घेतलं.

दाबायच्या जागाही त्यांनी अशाच आपल्याशा केल्या होत्या. गुडघ्याखाली चार बोटांवरचा बिंदू म्हणजे 'तीन कोस'. लिमकाकाच्या देशातले थकलेले वाटसरू म्हणे तो दाबून आणखी तेवढं चालायचे. तळपायाचा तो 'झरा'. थंडीनं आखडलेल्या सांध्याला शेक द्यायला चिनी लोक जी वनस्पती वाळवून जाळतात, ती इथं कुठून आणणार? चाचा चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून येणाऱ्या माणसांकडून दवणा मागून घ्यायचे. 'त्याच्याच भावकीतला हाय,' म्हणायचे. आल्याच्या चकतीवर दवण्याची चिमूट धुमसायची आणि तालमीमागं जत्रेचा वास सुटायचा. 'हे औषध न्हाय,' प्रत्येक वेळी बजावायचे. 'ऊब हाय. बरं वाटंल. बरं वाटनं येगळं, बरं हुनं येगळं.'

आणि घरच्या कपाटात एक पितळी डबी होती. तिच्यात लिमकाकानं दिलेल्या सुया. त्या त्यांनी कधीही कुणाला टोचल्या नाहीत. 'सुया दिल्या त्यानं. शिकवाय सुरू केलं आनि मेला. निम्मं शिकल्यालं हत्यार घरात ठेवायचं, चालवायचं न्हाय.' स्वतःच्या अज्ञानाला असं कुलूप लावणारी किती माणसं तुम्हाला माहीत आहेत? मला दोन-चारही आठवत नाहीत, आणि त्यातले चाचा एक.

तालमीतले पैलवान अर्थातच हसायचे. 'वाऱ्यासंगं कुस्ती' म्हणायचे. एकदा एक तगडा गडी अंगाला माती लावूनच आला. 'चाचा, ढकलू का?' 'ढकल की.' त्यानं दोन्ही हात छातीला लावून रेटा दिला. चाचा कंबरेतून जरासे फिरले आणि गडी स्वतःच्याच जोरानं चार पावलं पुढं जाऊन भिंतीला लागला. सगळे ओरडले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मात्र पैलवानानं घाई केली नाही. हळू आला, वाट बघितली आणि चाचांना अलगद उचलून खाली ठेवलं. आमचे चेहरे पडले. चाचा मातीत बसून टाळ्या वाजवत होते. 'बघा, बघा! गडी हळू झाला! शिकला की दोन दिसाचं दोन मिनिटांत!' तो पैलवान दुसऱ्या दिवसापासून आमच्या रांगेत होता.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आनंदा फेटलिंगला होता. म्हणजे भट्टीतून ओतून आलेल्या लोखंडावर चिकटलेली वाळू झाडायची, घासायची. वाळूची ती बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, छातीत मात्र जाऊन बसते. आनंदा पस्तिशीचा, लहानपणी तालमीत घुमलेला. त्याला क्षयाचं निदान झालं होतं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. 'आता याच्यापासून दुसऱ्याला लागण होणार नाही, हलका व्यायाम चालेल' असा कागद त्यानं नियमाप्रमाणे आणला आणि चाचांनी त्याला रांगेत घेतलं. महिन्याभरात त्याच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. जिना चढताना धाप लागेना.

गुरुपौर्णिमेला तो फेटा आणि नारळ घेऊन आला. तालमीची रीत अशीच. फेटा-नारळ देऊन पाया पडायचं आणि त्या दिवसापासून तो आपला वस्ताद. चाचा एरवी असलं काही घेत नसत. त्या दिवशी घेतलं. फेटा डोक्याला बांधून घेतला. मी बघत होते. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. पैलवानांच्या गावात ज्याला जन्मभर 'वाऱ्याशी कुस्ती' ऐकावी लागली, त्याला पहिल्यांदा कुणी वस्ताद म्हटलं होतं. 

सव्वा महिन्यानं एका सकाळी आनंदाची बायको संगीता तालमीमागं आली. पिशवी उलटी करून तिनं गोळ्यांची पाकिटं चाचांच्या पायाशी ओतली. सगळी न फोडलेली.

'तुमीच इचारा ह्यास्नी. महिना झाला, गोळी तोंडात न्हाय. मला म्हणत्यात खाल्ली. आज गादीखाली गावलं हे.'

चाचांनी आनंदाकडं बघितलं. आनंदा मान खाली घालून उभा. मग हळूच म्हणाला, 'वस्ताद केल्यावर दुसऱ्याचं कसं ऐकायचं? तालमीत दोन वस्ताद न्हाईत चालत. आनि मला बरं वाटालंय की.'

हा अडाणीपणा नव्हता, हे नीट समजून घ्या. ही निष्ठा होती. ज्याची माती अंगाला लावली त्याचाच शब्द, हे त्याला सातव्या वर्षापासून शिकवलं होतं आणि त्यानं ते प्रामाणिकपणे पाळलं होतं. फक्त त्याच्या फुफ्फुसातल्या जंतूंना तालमीची रीत ठाऊक नव्हती.

चाचा जमिनीवर बसले. म्हणाले, 'हिकडं ये. सोड.'

'सोड' हा त्यांचा रोजचा शब्द. श्वास घ्यायला सगळ्यांना येतं, सोडायला शिका, असं त्यांचं म्हणणं. माणूस श्वास सोडायचा आणि ते डोळे मिटून, कान पुढं करून ऐकायचे. आनंदानं श्वास सोडला. अर्ध्यावर खोकल्यानं तो मोडला.

'नारळ घेतला ती माजी चूक,' चाचा म्हणाले. 'तुजी न्हाय.'

ते घरी गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ चालत, भराभर. परत आले ते डोक्याला फेटा बांधून आणि हातात तोच नारळ घेऊन. सुयांच्या डबीशेजारी तो इतके दिवस जपून ठेवला होता. मला म्हणाले, 'पत्रकवाली, तू चल. तुला लिवाय येतंय, फॉर्म भर.'

दवाखान्यात रांग होती. आम्ही चौघं बाकावर बसलो. आनंदाच्या तोंडाला संगीताचा रुमाल बांधलेला. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, 'चाचा, मला नारळ द्यालाईसा व्हय?' चाचा नारळ सांभाळत पुढची माणसं मोजत होते. आमचा नंबर लागला. आत डॉक्टरीणबाई, तोंडाला मास्क, समोर फायलींचा ढीग. फेटेवाला म्हातारा नारळ घेऊन आत शिरलेला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

'हे काय? कार्यक्रम कुठला नाही इथं. बाहेर ठेवा ते.'

चाचांनी फेटा काढला. नारळावर ठेवला. टेबलावर पुढं सरकवला. मग आनंदाचा हात धरून बाईंच्या पुढं केला.

'बाई, ह्यो माजा पठ्ठ्या. आजपासनं तुमच्या तालमीत. वस्ताद तुमी. हितनं पुढं ह्याला माजा शब्द न्हाय, तुमचा.'

आता हाकलतात, असं मला वाटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

'मी मुरगूडची,' त्या म्हणाल्या. 'माझे आजोबा तालमीत होते. वस्ताद असा हात देतो तेव्हा काय करायचं असतं, मला माहीत आहे.' त्या उठून उभ्या राहिल्या. हातमोजा घातलेल्या हातानं त्यांनी आनंदाचा हात घेतला आणि दुसरा हात नारळावर ठेवला. 'घेतला. पण आमच्या तालमीत खाडा चालत नाही. मध्येच सोडलंस, आता पुन्हा तपासणी आणि पुन्हा पहिल्यापासून. एक गोळी चुकली तर?'

'न्हाय चुकनार, वस्ताद,' आनंदा म्हणाला. आणि रडायला लागला.

फॉर्मवर आनंदाचं काम वाचून बाई चाचांकडं वळल्या. 'आणि काका, तुम्हीही फौंड्रीतलेच ना? तुमच्या सगळ्या पोरांच्या छातीचे फोटो पाहिजेत मला. तुमचाही.'

'माजा काडलाय,' चाचा म्हणाले. 'चार वर्सं झाली. हाय धूळ. ठाव हाय मला.'

ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यापुढं उभा राहून लांब, न मोडणारा श्वास सोडून दाखवणारा माणूस स्वतःच्या उरलेल्या छातीवर ते करत होता.

मग पुढचे काही आठवडे बाईंच्या हुकमानं आनंदाला माणसांत मिसळायची बंदी होती. तो अंगणात एकटा. चाचा रोज सकाळी उलटे चालत त्याच्या घरापर्यंत जायचे आणि रस्त्याच्या अलीकडं उभे राहायचे. पलीकडं आनंदा. मधून ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा. दोघांचे हात एकाच वेळी उठायचे, एकाच वेळी ढग सारायचे. आधी चाचा ओरडून विचारायचे, 'वस्तादाची गोळी?' आनंदा रिकामं पाकीट वर धरून दाखवायचा. त्याशिवाय सुरुवात नाही. येणारे-जाणारे मोटारसायकली थांबवून बघायचे. पंडू गरम पाण्याचा पेला तिथं आणून द्यायला लागला.

फोटो निघाले. रांगेतल्या आणखी तिघांच्या छातीत धूळ सापडली. एकाला क्षय, अगदी सुरुवातीचा. मी संतापून चाचांकडं गेले. म्हटलं, 'तुम्ही माणसांना श्वास शिकवता आणि कारखाना त्यांना धूळ पाजतो. उपयोग काय तुमचा?'

'बरूबर हाय,' ते शांतपणे म्हणाले. 'आत गेल्याली धूळ कुठल्या श्वासानं न्हाय निगत. लिमकाकाला पन न्हाय काडता आली असती. मी श्वास शिकवतो. धूळ तू बंद कर. तुला येतंय की ते. लिही पत्रक.'

लिहिलं. उद्गारचिन्ह एकही नाही. वाळू ओली करूनच घासावी, धूळ ओढणारे पंखे बसवावेत, फडक्याऐवजी खरे मास्क द्यावेत, दरवर्षी छातीचा फोटो काढावा. सव्वीस कामगारांनी अंगठे-सह्या केल्या. पहिली सही चाचांची, दुसरी आनंदाची. एका मालकानं ऐकलं. पाण्याचे फवारे आले, पंखे आले, आनंदाला पॅटर्न, म्हणजे साच्यांचे लाकडी नमुने, ठेवायच्या खोलीत काम मिळालं. बाकीचे मालक अजून ऐकायचे आहेत, आणि मी अजून जिवंत आहे.

चाचांना मी शेवटचं पाहिलं ते नेसरीत. धाप वाढल्यावर ते लेकीकडं राहायला गेले होते. पुढं थंडीत तिथंच गेले. पण त्या दिवशी अंगणात खुर्चीवर बसून, पाय न हलवता, नुसत्या हातांनी ढग सारत होते. आनंदा माझ्याबरोबर होता. गोळ्यांचा कोर्स संपल्याचा कागद त्यानं चाचांच्या मांडीवर ठेवला. खाली डॉक्टरीणबाईंनी पेनानं लिहिलं होतं: 'पठ्ठ्या परत.' कागदाबरोबर त्यांनी नारळही धाडला होता. तोच, पार वाळलेला.

चाचांनी तो कानाशी हलवून बघितला. आत खोबरं खडखडलं. 'न्हाय,' म्हणाले, 'वस्ताद त्याच. ह्याची चटणी करा.' मग आनंदाला जवळ बोलावलं. डोळे मिटले, कान पुढं केला.

'सोड.'

आनंदानं सोडला. लांब, लांब. अंगणात कोंबडी खरडत होती तेवढाच आवाज. चाचांची बोटं मांडीवर एकेक करून मिटत गेली, मग पुन्हा एकेक करून उघडत गेली.

'मोडला न्हाय,' ते म्हणाले.

निघताना लेक नको म्हणत असताना ते आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आले. आम्ही रस्त्याला लागलो. मी मागं वळून पाहिलं. ते घराकडं परत निघाले होते, पण तोंड आमच्याकडंच. एक हात लेकीच्या खांद्यावर, एक एक पाऊल मागं टाकत, दारापर्यंत उलटे. आमचे चेहरे दिसेनासे होईपर्यंत.

आता सुरुवातीला ज्याच्याबद्दल विचारलं, त्या खोकणाऱ्या माणसाकडं वळा. तो कोण आहे, तुम्हाला माहीत आहे. वाचताना त्याचा चेहरा तुमच्या डोळ्यांपुढं आलाच असेल. त्याला सल्ला देऊ नका. काढा सांगू नका, हा लेखही वाचायला देऊ नका. उद्या सकाळी त्याच्या दारात जा, त्याचा हात धरा, दवाखान्याच्या रांगेत त्याच्या शेजारी बसा, आणि तो हात डॉक्टरांच्या हातात दिल्याशिवाय परत येऊ नका.